गावच्या माजी मंत्र्याची कारकीर्द लिहायची तर

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात स्मरणिका निघाली की परिचय लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. तारखा घरच्यांना विचारू नका. त्यांच्या लेखी सगळंच ‘भाऊसाहेबांच्या वेळचं’, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळातलं असतं. आधी कागदावर विधानसभा निवडणुकांची सालं मांडा: 1963, 1967, 1972, 1977, 1980, 1984. पहिली मुदत पाच वर्षांची धरू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या 16 जानेवारी 1967च्या जनमत कौलाआधीच विधानसभा विसर्जित झाली होती.

मग मतदारसंघ. तेव्हा जागा 30, त्यातली एक दमणची, एक दीवची. 1989च्या निवडणुकीपासून 40 झाल्या, म्हणून आजचं नाव जुन्या आमदाराला चिकटवू नका.

मी एकदा 1974च्या मंत्र्याला ‘गोवा राज्याचे मंत्री’ लिहिलं. छापून आल्यावर निवृत्त मास्तरांनी बोट ठेवलं: घटक राज्य 30 मे 1987ला झालं, त्याआधी गोवा, दमण आणि दीव हा संघप्रदेश! रात्रभर बसून प्रत्येक प्रतीवर दुरुस्तीची पट्टी चिकटवली. डिंक अजून आठवतो.

खात्यांसाठी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसा, शपथविधीच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्रांचे अंक चाळा. खातेबदल झाला असेल तर दोन्ही तारखा लिहा. पक्ष बदलला असेल तर घरचे म्हणतील, ‘ते नको’. तरी लिहाच, एका ओळीत, विशेषणाशिवाय. आणि पूल कुणी बांधला हे विचारण्याआधी पुलावरची कोनशिला वाचून या.