मराठी शिक्षकांनो, भरतीची बातमी ग्रुपवर यायची वाट बघू नका

तीन वर्षांमागं कर्नाटकातल्या आमच्या बेळगावकडच्या मराठी शिक्षकांच्या ग्रुपवर भरतीची एक पीडीएफ आली, वर लाल अक्षरात ‘अर्जंट’ आणि खाली हात जोडलेले इमोजी. मी रात्री जेवण उरकून फॉर्म भरायला बसलो तर लिंकच उघडेना, मग तारीख बघितली तर नोटिफिकेशन मागच्या वर्षीचं. आणि खऱ्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपली, ती बातमी ग्रुपवर आलीच नाही. तेव्हापासून मी जे करतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे आपलं ऑफिस कुठलं ते पक्कं करा. बेळगाव जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूरवाल्यांनी बेळगावकडं बघायचं, निपाणीवाल्यांनी चिक्कोडीकडं. अतिथी शिक्षकाची, म्हणजे तात्पुरती जागा पाहिजे असेल तर मे संपतानाच बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला आणि जवळच्या मराठी शाळांच्या हेडमास्तरांना प्रत्यक्ष भेटून या, बायोडाटा हातात द्या. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर फोन केला तर जागा भरलेली असतेय.

दुसरं, नोटिफिकेशन कन्नडमध्येच येतंय, त्याला घाबरू नका. पाच-सहा शब्द ओळखता आले तरी निम्मं काम होतंय: ‘हुद्दे’ म्हणजे पद, ‘अर्हते’ म्हणजे पात्रता, ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. मी आधी ‘दिनांक’ शोधतो, मग ‘मराठी माध्यम’, आणि हे दोन्ही सापडल्यावरच बाकीचं वाचतो.

तिसरं टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर 1, सहावी ते आठवीसाठी पेपर 2, दोन्ही 150 मार्कांचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. जनरलला 60 टक्के म्हणजे 90 मार्क लागतात. भाषा-1 ला मराठी घेता येतंय, ते सोडून उगाच दुसरी भाषा घेणारे बघितलेत मी, का घेतात देव जाणे. सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतंय, 2011 नंतरची जुनीसुद्धा. सीटीईटीच्या, म्हणजे केंद्राच्या टीईटीच्या, 20 भाषांतही मराठी आहे, केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल तर तीही द्या. पण टीईटी म्हणजे नोकरी नव्हे हां, ती रांगेत उभं राहायचा पास. आणि आधीच नोकरीत असलेल्यांनी पण कान टवकारा, 1 सप्टेंबर 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय असं म्हटलंय.

फॉर्ममध्ये 371-जे चा कॉलम दिसला की आपले लोक गडबडतात. ते घटनेतलं कलम, त्यातलं आरक्षण कल्याण कर्नाटकासाठी, बिदर-कलबुर्गीकडच्या सात जिल्ह्यांना. बेळगाव त्यात नाही, ‘नाही’ वर टिक करा. उलट पहिली ते दहावी खेड्यात शिकला असाल तर ग्रामीण आरक्षणाचं सर्टिफिकेट काढून ठेवा, त्यावर हेडमास्तरांची आणि बीईओंची सही लागते, म्हणजे दोन-तीन हेलपाटे आलेच.

महाराष्ट्राकडं जायचं असेल तर तिकडची टीईटी पुण्याची परीक्षा परिषद घेते, पुढं टेट (टीएआयटी, म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, ही टीईटीहून वेगळी) आणि मग भरतीचं पवित्र पोर्टल. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतले असाल तर तिकडच्या सरकारी जाहिरातींत 15 वर्षं वास्तव्याचा दाखला मागतात, दिलेल्या नमुन्यातलाच. जाहिरात निघाल्यावर तहसीलला पळायचं नाही, आधीच चौकशी करून ठेवा.

नोकरीत असाल आणि कन्नड नीट शिकायचं मनात असेल तर म्हैसूरचं दक्षिण प्रादेशिक भाषा केंद्र शिक्षकांसाठी दहा महिन्यांचा कोर्स चालवतंय. खात्यानं पाठवावं लागतंय, म्हणून अर्ज शाळेमार्फत. घर सोडून दहा महिने राहणं सोपं नाही, पण मराठी शाळेत कन्नड बोलणारा मराठी शिक्षक असला की ऑफिसचा निम्मा ताप जातोय हे मी स्वतः बघितलंय.

आणि हे सगळं करायच्या आधी एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव बघा. आपल्याकडं एकावर आडनाव पुढं, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर, तिसरीकडं कन्नडवरून इंग्रजीत जाताना स्पेलिंगच बदललेलं. फरक असला तर आजच शाळेत जाऊन दुरुस्तीचा अर्ज टाका, ‘कोनेय दिनांक’ च्या आदल्या रात्री कोण करून देणार नाही.