गोव्यातून परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज कसा करावा

आधी मराठी वाचकांची एक अडचण. परदेशी शिष्यवृत्तीबद्दल मराठीत शोधले की पहिल्या पानावर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, सारथी, महाज्योती, महाडीबीटी हीच नावे येतात. या महाराष्ट्र सरकारच्या योजना, त्या चालवणाऱ्या संस्था (सारथी, महाज्योती) आणि अर्जाचे पोर्टल (महाडीबीटी) आहेत, आणि त्यांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या विद्यार्थ्याने तिथे खाते उघडून आठवडा घालवला, तर शेवटी अधिवासाच्या रकान्यात अडकायचेच.

दुसरी गफलत जातीच्या वर्गाची. महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात आहेत, गोव्यात ते अनुसूचित जमातीत आहेत. गावडा, कुणबी आणि वेळीप या तिन्ही समाजांचा गोव्याच्या यादीत २००३ साली समावेश झाला. म्हणून केप्यातल्या किंवा काणकोणातल्या कुणबी मुलीने महाराष्ट्रातला लेख वाचून 'आपण ओबीसी' असे धरले, तर तिच्यासाठीच असलेली योजना ती उघडूनही बघणार नाही. उलट, कुटुंब सिंधुदुर्गातून किंवा बेळगावातून गोव्यात आले असेल, तर अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा साधारणपणे वडिलांच्या मूळ राज्यातला धरला जातो आणि दाखलाही तिथल्याच कागदांवर उभा राहतो. हे पहिल्या दिवशी तपासा. पुढची योजना यावरच ठरते.

योजना निवडणे

सरकारी शिष्यवृत्तीचे तीन उगम आहेत: केंद्र सरकार, परदेशी सरकारे आणि गोवा सरकार.

केंद्राची सर्वांत मोठी मदत म्हणजे नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेत १२५ जागा आहेत. त्यांतल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी, थोड्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, आधीच्या पदवीला किमान ६० टक्के आणि प्रवेश विद्यापीठांच्या क्यूएस जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकात, या तिच्या मुख्य अटी. शिकवणी शुल्क, विमान भाडे, व्हिसा आणि विमा यांच्याशिवाय निर्वाहभत्ता मिळतो: ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड, अमेरिका व इतर देशांसाठी १५,४०० डॉलर. फक्त मास्टर्स आणि पीएचडी. बारावीनंतरच्या पदवीसाठी ही योजना नाही. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषय २०२२ पासून वगळलेले आहेत, हे इतिहास किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बहुधा उशिरा कळते.

अनुसूचित जमातींसाठी याच नावाची वेगळी योजना जनजाती कार्य मंत्रालय चालवते. तिचे पोर्टल वेगळे, उत्पन्नाची मर्यादा ६ लाख आणि जागा देशभरात मिळून अवघ्या २०. नाव सारखे असल्यामुळे चुकीच्या पोर्टलवर अर्ज भरणारे दरवर्षी निघतात.

परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्यांना साधारणपणे जात-उत्पन्नाची अट नसते, पण स्पर्धा उघड्या मैदानातली. ब्रिटनची चिव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे आणि परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट घालते. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीसाठी भारतात शिक्षण मंत्रालयामार्फत नामांकन होते, म्हणजे ब्रिटनमधल्या कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आयोगाचा आणि मंत्रालयाचा असे दोन्ही अर्ज भरावे लागतात. एकच भरून गप्प बसलेल्यांचा अर्ज अपुरा राहतो. हंगेरीच्या स्टिपेंडियम हंगॅरिकमलाही असाच दुहेरी मार्ग आहे. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला किमान ५५ टक्के आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. शिवाय तीन वर्षांची बीए किंवा बीकॉम एवढ्यावर भागत नाही. सोबत इथली मास्टर्स किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका हवी. जर्मनीची डीएएडी, जपानची मेक्स्ट, युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस (महिना १,४०० युरो) याही बघण्यासारख्या. पोर्तुगीज भाषा-साहित्य शिकायचे असेल, तर पणजीतच कामोंइश संस्थेचे भाषा केंद्र आहे. चौकशीची सुरुवात तिथून करावी.

गोवा सरकारकडे मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. कर्ज ही शिष्यवृत्ती नव्हे, फेडावेच लागते. पण व्याज नसल्यामुळे अर्धवट शिष्यवृत्तीला जोड म्हणून त्याच्यासारखे दुसरे काही नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची 'पढो परदेश' ही व्याज-सवलत २०२२-२३ पासून बंद आहे. जुन्या याद्यांत ती अजून दिसते, तिच्यामागे धावू नका.

दोन, फार तर तीन योजना निवडा. सात ठिकाणी एकच निबंध फिरवला की परीक्षकाला तो वासावरून कळतो.

तारखा उलट मोजा

कोर्स सप्टेंबरात सुरू होणार असेल, तर काम आदल्या वर्षीच्या मार्चपासून धरावे. फुलब्राइटची मुदत साधारण मे महिन्यात संपते. चिव्हनिंग आणि कॉमनवेल्थचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि शरद ऋतूतच बंद होतात, म्हणजे गणेश चतुर्थी नेमकी मधोमध. चतुर्थीच्या आठवड्यात कॉलेजही बंद आणि प्राध्यापकही गावी. शिफारसपत्रे त्याच्याआधी मागून ठेवा. इरास्मसचे बहुतेक कोर्स ऑक्टोबर ते जानेवारीत, हंगेरीचा अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत, मेक्स्टचा एप्रिल-मेच्या सुमारास. नॅशनल ओव्हरसीजची फेरी बहुधा वर्षाच्या पहिल्या सहामाहीत उघडते, पण दरवर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय तारीख पक्की धरू नये.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो. म्हणून परीक्षा फार लवकरही देऊ नये आणि अर्जाच्या महिन्यातही नको.

कागद, आणि त्यांतली नावे

अर्ज गुणांमुळे अडतात तसेच नावांमुळेही अडतात, आणि गोव्यात तर हे दुखणे जुनेच. आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पद्धतीच्या स्पेलिंगचे Camat, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर Kamat; एकीकडे Gaunkar, दुसरीकडे Gaonkar; आईचे नाव मार्कशीटवर माहेरचे, आधारवर सासरचे. मराठीत सगळे कामत आणि गावकर, रोमन लिपीत मात्र वेगवेगळी माणसे. जातीच्या दाखल्यात नाते सिद्ध करताना आणि पासपोर्ट-पदवी जुळवताना हेच आडवे येते.

एक कागद घ्या आणि त्यावर पासपोर्ट, जन्मदाखला, दहावी, बारावी, पदवी, आधार, पॅन यांवरची नावे रोमन अक्षरांत जशीच्या तशी, एकाखाली एक उतरवा. स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालते. नाव किंवा आडनावच बदलायचे असेल, तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि काम नोंदणी कचेरीतून होते. प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहिरात एवढ्यावर ते भागत नाही. त्याला महिने जातात. पदवीवरचे नाव पासपोर्टशी जुळवायचे, उलटे नव्हे, असा आग्रह धरू नका. जो कागद लवकर दुरुस्त होतो तो आधी दुरुस्त करा, आणि बहुतेक वेळा तो पासपोर्ट असतो.

उत्पन्नाचा आणि निवासाचा दाखला मामलेदार कचेरीतून, जातीचा दाखला उपजिल्हाधिकाऱ्यांकडून. अर्ज गोवा ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो, पण तलाठ्याचा अहवाल यायचा थांबला की फाइल तिथेच बसते, तेव्हा आठवड्याने एकदा जाऊन विचारावे. उत्पन्नाचा दाखला योजनेत मागितलेल्या आर्थिक वर्षाचा आहे का हे बघा. मागच्या मागच्या वर्षाचा दाखला जोडणे ही नेहमीची चूक. वडिलांच्या आयकर विवरणातला आकडा आणि दाखल्यावरचा आकडा यांत फरक असेल, तर छाननीत प्रश्न येणारच. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि इंग्रजीत असावा.

गोवा विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात. एखादी हरवली असेल तर आधी दुय्यम प्रत काढावी लागते, म्हणून हे काम शेवटी ठेवू नका. ट्रान्स्क्रिप्ट मागताना दोन-तीन सीलबंद लिफाफे एकदमच मागून घ्या.

नागरिकत्वाचा रकाना गोव्यात सहज भरण्यासारखा नसतो. ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तो भारतीय नागरिक उरत नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी नॅशनल ओव्हरसीज, फुलब्राइट-नेहरू किंवा भारतासाठीच्या चिव्हनिंगला तो पात्र नाही. पासपोर्ट न घेता लिस्बनला फक्त जन्मनोंदणी झाली असेल, तर अर्ज करण्याआधी या विषयातल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्या. लपवून भरलेली माहिती व्हिसाच्या वेळी बाहेर येते.

अनुभवाचे तास

चिव्हनिंगला २,८०० तासांचा अनुभव लागतो. आठवड्याला ४० तासांची नोकरी असेल तर हे ७० आठवडे होतात. हॉटेलात किंवा शॅकवर हंगामी काम करणाऱ्यांनी मात्र नीट हिशेब करावा. २६ आठवड्यांचा हंगाम, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १,२४८ तास. दोन हंगामांचे २,४९६. अजून ३०४ कमी! ते अर्धवेळ कामाने, पगारी किंवा बिनपगारी इंटर्नशिपने, स्वयंसेवी कामाने भरता येतात. पण पदवीचा भाग म्हणून सक्तीने केलेली इंटर्नशिप धरली जात नाही. प्रत्येक मालकाकडून तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेले पत्र हंगाम संपतानाच घ्या. पावसात शॅक मोडल्यावर मालक कुठे शोधणार?

निबंध

इथे वेळ द्यावा. "मला गोव्याच्या पर्यावरणासाठी काम करायचे आहे" हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. त्याच्या जागी हे बघा: मांडवीच्या काठच्या खाजनात (बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत) बांध फुटला, मानशीची (खारे पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारे वेळेवर दुरुस्त झाली नाहीत, खारे पाणी शेतात शिरले आणि भात पिकेना. अर्जदाराने एका गावात जमिनीच्या क्षारतेच्या नोंदी घेतल्या. त्या नोंदींवरून पुढे काय करायचे हे इथे शिकवत नाहीत, अमुक विद्यापीठातल्या किनारी अभियांत्रिकीच्या कोर्समध्ये शिकवतात. परत आल्यावर ते कोणत्या खात्यात किंवा संस्थेत वापरणार. अडचण, स्वतः केलेले काम, कमी पडणारे ज्ञान, नेमका कोर्स, परतीची जागा: निबंधात एवढे आले की भाषा साधी असली तरी चालते.

कोर्सचे नाव लिहून थांबू नका. अभ्यासक्रमाचे पान उघडून दोन विषयांची नावे लिहा. चिव्हनिंगला तीन कोर्स निवडायचे असतात. ते तिन्ही एकाच दिशेचे असावेत. एक पर्यटन व्यवस्थापन, एक डेटा सायन्स आणि एक सार्वजनिक धोरण निवडले, की अर्जदाराला काय हवे तेच ठरलेले नाही असे दिसते.

शिफारसपत्र देणारे सर किंवा मॅडम मोठ्या पदावरचे नसले तरी चालतील, तुमचे काम पाहिलेले असावेत. त्यांना मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी आपला बायोडेटा, निबंधाचा मसुदा आणि मुदतीची तारीख पाठवा. पोर्टलचे मेल अनेकदा स्पॅममध्ये जाते, तेही त्यांना सांगून ठेवा. कंत्राटी प्राध्यापक असतील तर कॉलेजचा ईमेल कराराबरोबर बंद होऊ शकतो. पर्यायी पत्ता आधीच विचारून घ्या.

प्रवेश, पैसे आणि करार

नॅशनल ओव्हरसीजला विनाअट ऑफर लेटर लागते. पैशांसंबंधीची अट तेवढी चालते. "अंतिम गुणपत्रिका सादर केल्यास" असे वाक्य पत्रात असेल तर ती अट झाली. गुणपत्रिका पाठवून सुधारित पत्र मागवा, मगच अर्ज भरा. एकाच आईवडिलांच्या दोनपेक्षा जास्त मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. निवड झाल्यावर करारनामा आणि जामीनदार लागतात. जामीनदार कोण, हे घरात आधीच बोलून ठेवलेले बरे, कारण निवडीच्या पत्रानंतर मुदत थोडी असते.

संपूर्ण शिष्यवृत्तीतही सुरुवातीचे पैसे खिशातूनच जातात: भाषेची परीक्षा, विद्यापीठांचे अर्जशुल्क, कागदांचे साक्षांकन, मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीसाठी जाणे, पहिल्या महिन्याचे घरभाडे. बिनव्याजी कर्जाचा अर्ज त्यासाठी वेळेवर टाकून ठेवावा. शिष्यवृत्तीच्या अर्जाला मात्र यांपैकी कुठल्याही सरकारी योजनेत शुल्क नसते. "सीट पक्की करून देतो" म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा.

पोर्टलवर शेवटच्या दिवशी बसू नका. फोनने काढलेले फोटो पीडीएफमध्ये घातले की फाइल मर्यादेपेक्षा मोठी होते, दाबून लहान केली की शिक्का वाचता येत नाही. म्हणून स्कॅनरवर करड्या रंगात काढा आणि प्रत्येक फाइल चढवल्यावर पुन्हा उघडून बघा. सबमिट झाल्यावर अर्जाचा क्रमांक असलेले पान जपून ठेवा. त्रुटी कळवणारा मेल आला तर उत्तराला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून अर्जात दिलेला ईमेल आणि फोन नंबर निकाल लागेपर्यंत बदलू नका. पहिल्या यादीत नाव नसले तरी पोर्टल बघत राहा: जागा उरल्या तर नॅशनल ओव्हरसीजची पुढची फेरी निघू शकते, आणि तेव्हा तेच कागद, फक्त उत्पन्नाचा दाखला चालू आहे ना एवढे बघून, पुन्हा लावता येतात.