नवा ड्रोन घेतलाय? मग या चुका टाळा

गेल्या लग्नसराईत माझ्या दुकानात तीन मोडके ड्रोन आले. तिन्ही नवे कोरे, जुना विकून घेतलेले, आणि तिघांच्याही मालकांचं पहिलं वाक्य एकच: "जुन्याला दोन वर्षं काही झालं नव्हतं." मी दुरुस्ती करत नाही. अंबाजोगाईला लग्नाचं आणि शेतशिवाराचं शूटिंग करतो. पण आसपासच्या पोरांचं काही मोडलं की ती माझ्याकडेच येतात. तुटका ड्रोन मांडीवर घेऊन बसलेलं पोरगं बघवत नाही, कारण बऱ्याचदा त्यात बापानं सोयाबीनच्या पट्टीतून काढून दिलेले पैसे असतात. त्यात परदेशी तयार ड्रोनची आयात सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून थांबवलेली आहे, त्यामुळे मोडला की बदली मिळणंही सोपं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक कबूल करतो. नवा ड्रोन खरंच चांगला असतो. मी डीजेआय कंपनीच्या मिनी २ ड्रोनवरून त्यांच्याच मिनी ४ प्रोवर आलो, तेव्हा पहिल्या दिवशी रिमोटवरचे हात काढले तर तो हवेत खुंटीला टांगल्यासारखा उभा राहिला. लिंबाखालची सावली जुन्या कॅमेऱ्यात नुसता काळा डाग दिसायची, त्यात आता खाटेवर बसलेला माणूस ओळखू येतो. पण खरा धोकाही इथेच आहे. जुना ड्रोन कुरकुरायचा, वाऱ्यानं चित्र थरथरायचं, भिंतीजवळ गेलं की आपल्याच पोटात गोळा यायचा. तो आपल्याला भीती घालून शिकवत होता. नवा काही जाणवूच देत नाही, आणि जाणवतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

"सेन्सर हायेत की!"

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे आणि तिचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

केज तालुक्यात एका हळदीला गेलो होतो. माझ्या भाच्याकडे नवा ड्रोन, चारही बाजूंना अडथळे ओळखणारा. नवरदेवाला सजवलेल्या ट्रॅक्टरवर बसवून उसाच्या कडेनं आणायचं आणि ड्रोननं आपोआप मागोवा घेत बाजूनं उडत राहायचं, असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, आधी एकदा हातानं उडवून बघ. तो म्हणाला, "मामा, कशाला भ्यायलात? ह्याला चौफेर डोळे हायेत, आपसूक थांबतंय."

ट्रॅक्टर निघाला. ड्रोन साधारण चार मीटर उंचीवर, आडवा सरकत, छान चालला होता. उसाचा फड संपतो तिथं खांबावरून बोअरच्या स्टार्टर पेटीकडे एक काळी सर्व्हिस वायर ओढलेली होती. मध्ये झोळ पडलेली, मागे गर्द हिरवा ऊस. ड्रोन थांबलाच नाही. एक पातं वायरीला लागलं, ड्रोननं स्वतःभोवती गिरकी घेतली आणि तो धुऱ्यावर आपटला. तिथून दोन हातांवर नवरदेवाची चुलत बहीण अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. ताटाला काही झालं नाही, पोरीलाही नाही. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा सांधा, मात्र एका पातळ पट्टीवर लोंबत होता, आणि भाचा त्याला हातही लावेना.

हे का झालं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही. हे सेन्सर म्हणजे लहान कॅमेरेच असतात. आपण दोन डोळ्यांनी अंतर ओळखतो, तसंच ते वेगवेगळ्या जागेवरून दिसणाऱ्या चित्रांतला फरक मोजून अंतर काढतात. त्यासाठी समोरच्या वस्तूला कड लागते, पोत लागतो, उजेड लागतो. बारीक वायर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. पानं झडलेल्या बाभळीची डहाळी, काच, सपाट चुना मारलेली भिंत, संथ पाणी, हे सगळं त्याच यादीत. अंधार पडला की त्यांचा भरवसा धरायचाच नाही. आणि स्पोर्ट मोड, म्हणजे जास्त वेगाचा मोड, लावला की अडथळे ओळखणं बंदच होतं. त्याची सूचना पडद्यावर येते, पण पोरं ती वाचत नाहीत.

माझी सवय अशी: ड्रोन पेटीतून काढण्याआधी सगळी जागा पायी फिरायची. एकेक खांब गाठायचा आणि त्यावरून निघालेली प्रत्येक वायर कुठं जाते ते बोटानं दाखवत शेवटपर्यंत बघायचं. आपल्याकडे शिवारात डीपीपासून मोटारीपर्यंत कोण कुठून वायर ओढेल याचा नेम नसतो. काही तर आकडे टाकून रातोरात ओढलेल्या असतात, काल नव्हती ती आज असते. त्यानंतर पहिली फेरी मी हातानं आणि खांबांच्या वरून मारतो. मागोवा घेणारं शूटिंग शेवटी, आणि माणसांच्या डोक्यावरून तर नाहीच. अ‍ॅपमध्ये अडथळा दिसल्यावर वळसा घालायचा की जागेवर थांबायचं ते ठरवता येतं. पहिला महिनाभर 'थांब' वरच ठेवा. वळसा घालून ड्रोन कुठं जाईल, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

वारं पाठीमागून आहे हे विसरणं

हे माझं स्वतःचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते तळ उघडं पडलेलं धरण ज्यानं बघितलंय, त्याला ते भरलेलं बघताना भान राहत नाही. माझंही राहिलं नाही. एका सप्टेंबरात धरण तुडुंब होतं. मी फुगवट्याच्या पश्चिमेच्या काठावरून ड्रोन पाण्यावर सोडला. पश्चिमेचं वारं पाठीशी होतं, आणि मला ते जाणवलंच नाही, कारण पडद्यावर चित्र दगडासारखं स्थिर. नव्या गिंबलनं सगळे हेलकावे पोटात घेतले होते.

साडेसहाशे मीटर गेलो. पाण्यावर तिरपं ऊन पडलं होतं, आणखी एक शॉट, आणखी एक शॉट करत बॅटरी २६ टक्क्यांवर आली. मग आरटीएचचं, म्हणजे आपोआप माघारी येण्याचं बटण दाबलं. मी त्याची उंची 'सुरक्षित' म्हणून १२० मीटर ठेवलेली होती. ड्रोन आधी तिथपर्यंत चढला. वर वारं जास्त. पडद्यावर परतीचा वेग सेकंदाला एक मीटर दिसायला लागला.

हिशेब सोपा आहे, पण तो त्या वेळी डोक्यात येत नाही. साध्या मोडमध्ये ड्रोनचा वेग सेकंदाला १२ मीटर धरा आणि समोरून वारं ९ मीटरचं. हातात उरतात ३. जे अंतर जाताना एका मिनिटाच्या आत कापलं, त्याला येताना साडेतीन मिनिटं लागतात. वर वारं ११ चं असेल तर जवळपास अकरा मिनिटं, आणि तेवढी बॅटरी उरलेली नसते.

मी आरटीएच रद्द केलं, ड्रोन पाण्यापासून तीस मीटरवर आणला, कारण खाली वारं कमी असतं, आणि स्पोर्ट मोड लावला. वेग सातावर गेला. काठाच्या गाळात उतरवला तेव्हा रिमोटवर ८ टक्के होते आणि माझा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. पाण्याच्या फार जवळ मात्र येऊ नका. खालचे सेन्सर पाण्यावर फसतात आणि ड्रोनची उंची चुकते.

तेव्हापासून मी नेहमी आधी वाऱ्याच्या समोर जातो, म्हणजे थकलेली बॅटरी वाऱ्यावर बसून घरी येते. लांब नेण्याआधी ड्रोन चाळीस-पन्नास मीटरवर एक मिनिट नुसता उभा करतो आणि तो कुठल्या बाजूला कलतो ते खालून बघतो. आरटीएचची उंची जागेप्रमाणे बदलतो: आसपासच्या सगळ्यात उंच झाडाहून, टॉवरहून पंधरा-वीस मीटर वर. मोकळ्या पाण्यावर ४० पुरेत, शहरात नाही. जुन्या ड्रोनमधली उंची नव्यात आपोआप येत नाही, हेही बघा. आणि ४० टक्क्यांवर मी वळतो, कितीही सुंदर ऊन पडलेलं असो.

मिनी ४ प्रोच्या खोक्यावर लिहिलेली ३४ मिनिटं वारं नसताना, एका ठरावीक वेगानं उडवून मोजलेली असतात. आपल्याकडे वीस धरा.

उन्हात काढलेलं चित्र धडधडतंय

दर आठवड्याला कुणीतरी विचारतं: जुन्याचं चित्र मऊ होतं, नव्याचं टकटक का उडतंय? कारण लेन्स. मिनी २ ला एफ २.८ होती, मिनी ४ प्रोला एफ १.७ आहे; हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. म्हणजे जवळपास पावणेतीन पट जास्त उजेड आत येतो, आणि तो कमी करायला ड्रोनकडे फक्त शटर आहे. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागावर जातं. प्रत्येक फ्रेम चाकूसारखी धारदार, पण एकीतून दुसरीत हालचाल वाहत नाही.

२५ फ्रेमला शटर १/५० हवं. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लेन्सवर लावा. या ड्रोनसाठी १६, ६४ आणि २५६ चे मिळतात. भर दुपारी २५६, सकाळ-संध्याकाळी ६४ किंवा १६. फिल्टर ड्रोन चालू करण्याआधी बसवायचा, नंतर नाही. पोरं म्हणतात, मोबाईलवर एडिटिंगमध्ये 'ब्लर' टाकू. टाका, पण मग चार जास्तीचे पैसे मोजून हा कॅमेरा कशाला घेतला?

मोठी बॅटरी टाकली की ड्रोनची जात बदलते

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन २०२१ च्या ड्रोन नियमांत 'नॅनो' असतो आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याच ड्रोनमध्ये जास्त वेळ चालणारी 'प्लस' बॅटरी टाकली की वजन २५० च्या वर जातं आणि तो 'मायक्रो' होतो. मायक्रो हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्र नको, पण लग्नाचे पैसे घेत असाल तर हवं. दुकानदार हे सांगत नाही. दहा मिनिटं जास्त उडवायला मिळतात म्हणून कुणी ही बॅटरी घेत असेल, तर त्याला मी साध्या दोन जास्तीच्या घ्यायला सांगतो.

उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण चिकलठाणा, नांदेड, लातूर या विमानतळांच्या आसपास नियम वेगळे आहेत. अ‍ॅपनं उडू दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा इथं पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढूच नका. जायकवाडीचा जलाशय तर पक्षी अभयारण्य आहे.

आणि रात्री गावात उडवू नका. २०२४ साली बीड, जालना, संभाजीनगरच्या खेड्यांत रात्री फिरणाऱ्या ड्रोननी लोकांची झोप उडाली होती, माणसं काठ्या घेऊन जागत होती. मी दिवसासुद्धा आधी पोलीस पाटलाला आणि सरपंचाला फोन करतो. दोन मिनिटं लागतात, आणि बहुतेक वेळा चहाही मिळतो.

बाकीच्या, पटापट

फर्मवेअर, म्हणजे ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर, मांडवात बसून अपडेट करू नका. घरी करा, आणि प्रत्येक बॅटरी आळीपाळीनं घालून करा. एक बॅटरी राहिली तर ऐन वेळी ड्रोन आवृत्ती जुळत नाही म्हणतो.

गिंबलचं झाकण काढल्याशिवाय चालू करू नका. पाती बदलताना खुणा बघा, नव्या पात्यांसोबत नवे स्क्रू लावा. जुने ढिले होतात.

सळईच्या स्लॅबवरून, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून उडवू नका, होकायंत्र बिघडतं. होम पॉइंट, म्हणजे ड्रोननं माघारी यायची जागा, नोंदला गेल्याचं ड्रोननं सांगेपर्यंत थांबा आणि तो नकाशावर खरंच तुमच्या पायाशी आहे का ते बघा. घाई करणाऱ्यांचे निम्मे ड्रोन या अर्ध्या मिनिटात गेलेले आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मिनी ४ प्रो ४० अंशांपर्यंतच चालवायचा असतो. मे महिन्यात परभणी, बीडचा पारा त्याच्या वर जातो. त्या दिवसांत मी साडेनऊला थांबतो आणि पाचनंतरच पुन्हा काढतो. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, झाडाखाली, कापडी पिशवीत. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही.

आपली काळी माती वाळली की पीठ होते. पंख्यांच्या वाऱ्यानं उडून ती थेट मोटारीत आणि लेन्सवर जाते. घडीचा पॅड स्वतःच उडतो, म्हणून मी सुताराकडून दोन बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी करून घेतली, भगवा ऑइलपेंट मारला. वरूनही ओळखू येते. वावटळ दिसली तर मात्र फळीवरसुद्धा नाही. ती जाईपर्यंत थांबा.

घार घिरट्या घालायला लागली तर पळू नका, खालीही येऊ नका. ड्रोन सरळ वर न्या. घार वरून झेप घेते, सरळ वर चढत पाठलाग करणं तिला जड जातं. ती लांब गेली की हळू उतरवा. सौताड्याच्या धबधब्याजवळ असं दोनदा झालं, तेव्हापासून त्या कड्याला मी लांबूनच वळसा घालतो.