रनिंग स्टार्ट: सोळाव्या वर्षी कॉलेजला पाठवण्याआधी

थोरली अकरावीपासून कॉलेजात जाणार, हे सांगायला नाशिकला फोन केला तर आई म्हणाली, "मग त्यात काय एवढं? तूही अकरावीला कॉलेजलाच गेली होतीस की." तिचं चुकलं नव्हतं. दहावी झाली की कॉलेज, ही आपली रीत. पण ते ज्युनिअर कॉलेज. तिथे वर्गात सगळे आपल्याच वयाचे आणि बोर्डाची परीक्षा एकच. इथे अमेरिकेत लेकीच्या बाकाशेजारी रात्रपाळी करून आलेला चाळिशीचा माणूस बसणार होता, आणि तिला मिळणारे मार्क तिच्या कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर चढणार होते. हा फरक मला नीट कळायला वर्ष गेलं. म्हणून सिएटलच्या आसपास, बॉथेल, रेडमंड, समामिशकडे नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय.

वॉशिंग्टन राज्याने १९९० च्या कायद्याने रनिंग स्टार्ट सुरू केलं. सरकारी हायस्कूलच्या अकरावी-बारावीच्या मुलांनी कम्युनिटी कॉलेजात नेहमीच्या वर्गात बसायचं. त्याचं क्रेडिट शाळेतही धरतात आणि कॉलेजातही. क्वार्टरला, म्हणजे कॉलेजच्या एका सत्राला, १५ क्रेडिटपर्यंत ट्यूशन लागत नाही. वर्षाचे तीन क्वार्टर, दोन वर्षं, म्हणजे ९० क्रेडिट. विषय नीट निवडले तर बारावीच्या डिप्लोम्याबरोबर असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, डिग्रीही हातात येते.

हे ऐकलं की आपल्यातल्या कुठल्याही पालकाचे डोळे लकाकतात. माझेही लकाकले. दोन वर्षांची फी वाचली! पुस्तकं, काही विषयांच्या लॅब फी आणि कॉलेजचे किरकोळ चार्जेस मात्र आपल्या खिशातून जातात, कमी उत्पन्न असेल तर त्यात सवलत मिळते. प्रवासाचं विचाराल तर २०२२ पासून अठरा आणि त्याखालच्या मुलांना बस फुकट आहे, त्यामुळे लायसन्सची घाई करू नका. तसंही सोळाव्या वर्षी लायसन्स मिळालं तरी पहिले सहा महिने घरच्यांशिवाय वीस वर्षांखालच्या कुणालाही गाडीत बसवता येत नाही. मैत्रिणीला सोबत घेऊन जाईन, हा लेकीचा बेत तिथेच बारगळला.

पैशापेक्षा वेगाचा मामला मोठा. शाळेत वर्षभर शिकलेल्या विषयाचं एक क्रेडिट मिळतं. कॉलेजचा पाच क्रेडिटचा एक कोर्स शाळेच्या हिशेबात तेवढंच एक क्रेडिट धरतात, आणि तो दहा-अकरा आठवड्यांत संपतो. सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात, चौथ्या आठवड्यात मिडटर्म, थँक्सगिव्हिंगनंतर धावपळ आणि डिसेंबरच्या मध्याला सगळं खलास. इंग्लिश १०१ चा पहिला निबंध परत आला तेव्हा लेक जेवली नाही. शाळेत ए शिवाय दुसरं अक्षर न पाहिलेल्या मुलीला सी मिळाला होता आणि शेजारी एक ओळ होती: मत कुठे आहे? मी तो निबंध वाचला. शुद्ध, नेटका आणि बेचव, अगदी आमच्या काळच्या गाइडमधून उतरवल्यासारखा. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेला, जायला तिला दोन आठवडे लागले. एकदा गेल्यावर मात्र तिने तो निबंध तीनदा लिहिला.

त्याच काळजीत मी कॉलेजला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली की विद्यार्थिनीच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. मी म्हटलं, अहो, ती सोळा वर्षांची आहे, मी तिची आई आहे! उपयोग शून्य. फर्पा नावाचा केंद्राचा कायदा आहे. मूल कॉलेजात दाखल झालं की वय काहीही असो, तिथल्या नोंदींवरचा हक्क मुलाकडे जातो. शाळेकडे आलेले मार्क शाळेतून बघता येतात, पण कॉलेज थेट बोलणार नाही. राग आला खरा. पण प्राध्यापकांना ईमेल करायची, मुदत मागायची, चूक झाली तर माफी मागायची, हे सगळं लेक त्या क्वार्टरमध्येच शिकली, कारण तिच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. राज्याच्या डिप्लोम्याला २४ क्रेडिट लागतात. त्यात इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान ३ वगैरे मोठ्या आकड्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं. हेल्थ अँड फिटनेसच्या २ क्रेडिटकडे कुणी बघत नाही. लेक अकरावीपासून पूर्णवेळ कॉलेजात. बारावीच्या हिवाळ्यात शाळेकडून निरोप आला की फिटनेसचं अर्धं क्रेडिट कमी पडतंय. कॅल्क्युलस झालेलं, केमिस्ट्री झालेली, आणि डिप्लोमा अडला होता पी.टी.वर! मग शेवटच्या सेमिस्टरला भल्या पहाटे उठून शाळेचा झीरो पीरियड, म्हणजे शाळा भरण्याआधीचा तास, आणि तिथून थेट कॉलेजची बस. काउन्सेलरला दोष देऊन उपयोग नव्हता, त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात. दर क्वार्टरला रनिंग स्टार्टचा व्हेरिफिकेशन फॉर्म भरावा लागतो, त्यावर काउन्सेलरची, मुलाची आणि आपली सही असते. मी ती सही गॅसबुकावर करावी तशी करत होते. तुम्ही सहीआधी २४ क्रेडिटचा तक्ता शेजारी ठेवा आणि एकेक ओळ टिक करा. फिटनेस, आर्ट्स, सिव्हिक्स आणि राज्याचा इतिहास या चार ओळी तर दोनदा बघा.

"मग पुढची चार वर्षांची डिग्री दोन वर्षांत झाली का?" हा प्रश्न मला प्रत्येक गणपतीला विचारला जातो. नाही झाली. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला ही मुलं कितीही क्रेडिट घेऊन गेली तरी अर्ज फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, म्हणूनच होतो. ते एका अर्थी बरंच आहे. पण ९० क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि ती आपल्या मेजरच्या, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयाच्या, कामी येणं वेगळं. लेकीने मानसशास्त्र, चित्रपट, समाजशास्त्र मजेत घेतलं आणि पुढे वळली इंजिनिअरिंगला. तिथे गणित-फिजिक्सची साखळी एकामागून एकच घ्यावी लागते. एक वर्ष वाचलं, दोन नाही. खासगी किंवा राज्याबाहेरच्या विद्यापीठात जायचं मनात असेल, तर हायस्कूलच्या डिप्लोम्यात मोजलेली क्रेडिट ती घेतात का, हे आधी त्यांच्या साइटवर वाचा. बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

मूल शाळेत रमलेलं असेल, बँडमध्ये असेल, रोबोटिक्समध्ये असेल, तर उगाच हलवू नका. कॉलेज इन द हायस्कूल नावाचा दुसरा मार्ग आहे. शाळेतच, शाळेच्या शिक्षकांकडून कॉलेजचा कोर्स. सरकारी कॉलेजांचे हे कोर्स २०२३ पासून फुकट झालेत.

धाकट्याची गोष्ट अगदीच निराळी. त्याला वर्गात बसवत नाही. त्याने स्किल सेंटर निवडलं: अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस कारखान्यासारखं वर्कशॉप. वर्षाला साधारण ३ क्रेडिट आणि त्यालाही ट्यूशन नाही. ऑटो, वेल्डिंग, नर्सिंग असिस्टंट, विमानाचे भाग बनवणं असे प्रकार असतात. आमच्या ओळखीत यावर एकच शेरा पडला: "म्हणजे आयटीआय?" खरं सांगते, माझ्याही पोटात गोळा आला होता. तो गेला तो आजोबांमुळे. सासरे ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. व्हिडिओ कॉलवर नातवाने मिलिंग करून आणलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा कॅमेऱ्यासमोर धरला. सासऱ्यांनी कौतुक वगैरे काही केलं नाही. विचारलं, "किती थाऊचा फरक आहे?" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नातू म्हणाला, तीन. "मग स्क्रॅप आहे तो. परत कर." पोराने परत केला. दर शुक्रवारी आता त्यांचं हे चालतं, आणि आम्हा दोघांना त्यातलं अर्धंही कळत नाही.

या वाटेवर एक खड्डा आहे, आणि तो आपल्यासारख्यांसाठीच आहे. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांना काम करायची परवानगी नसते. लेकीला रनिंग स्टार्टच्या वेळी कुणी व्हिसा विचारला नाही, त्यामुळे आम्ही गाफील. धाकट्याच्या वर्गातल्या मुलांना उन्हाळ्यात पगारी इंटर्नशिपच्या ऑफर आल्या. फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना होता आणि त्याच्याकडे तो नंबरच नव्हता. पार्टनर एच-४ ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी करत असतो, म्हणून मुलांचंही जमेल असं वाटतं. ते ईएडी फक्त नवरा-बायकोसाठी आहे. सगळा वर्ग निघाला आणि हा घरी राहिला. कोर्स निवडताना पहिल्याच भेटीत विचारा, की यात पगारी काम सक्तीचं आहे का, आणि नसेल तर बिनपगारी पर्याय काय. त्यापुढचं वकिलाला विचारा, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नाही.

माहितीसत्रं बहुधा हिवाळ्यात, शाळेत पुढच्या वर्षाचे विषय निवडायच्या सुमारास होतात. मुलाला घेऊनच जा. आणि संध्याकाळची वेळ असेल तर बॉथेलला एक चक्कर मारा. तिथे कॅस्केडिया कॉलेज आणि युनिव्हर्सिटीची शाखा एकाच आवारात आहेत, आणि थंडीत अंधार पडता पडता हजारो कावळे तिथल्या झाडांवर वस्तीला येतात. पितृपंधरवड्यात बाल्कनीत ताट ठेवून तासभर वाट बघणाऱ्या माझ्या आईला मी तो व्हिडिओ पाठवला होता. तिने लेकीच्या प्रवेशाबद्दल एक शब्द विचारला नाही. तिला फक्त हे हवं होतं, की एवढे कावळे दिवसा जातात कुठे?