पहिल्या भाजणीपूर्वी भांडे कसे पारखावे

विद्यार्थ्याचे मातीचे भांडे भट्टीत ठेवण्याआधी शिक्षकाने ते त्याच्याच हाती देऊन तळ गालाला लावायला सांगावे. स्पर्श गार लागला, तर आत अजून ओल आहे असे समजून भाजणी पुढे ढकलावी. ही परीक्षा मला फार भरवशाची वाटते, कारण वरून कोरडे दिसणारे भांडे जाड तळात पाणी धरून असते आणि १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याची वाफ झाली की फुटते. तोपर्यंत तापमान अगदी सावकाश चढवावे. ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे खनिज, एकाएकी प्रसरण पावते. तिथेही घाई नको. सुमारे १००० अंशांवर भाजणी थांबवावी, भट्टी पुरती निवल्यावरच उघडावी, आणि एखाद्या भांड्याला तडा गेलाच, तर तो कुठून सुरू झाला हे विद्यार्थ्यालाच शोधू द्यावे.