खानदेशात रग्बीची क्लब स्पर्धा कशी उभी करावी

संघ जमवणं फारसं अवघड नाही, कबड्डी खेळणारी पोरं गावोगाव आहेत. स्पर्धा मोडते ती प्रवासखर्चावर आणि तारखांवर. जॉर्जिया, पोर्तुगाल, रोमानिया यांचंही दुखणं हेच. 2021 मध्ये तिथल्या संघांची रग्बी युरोप सुपर कप ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा संघांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट केले. त्यामुळे साखळीत जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या संघाला पोर्तुगालचं लिस्बन गाठावं लागत नव्हतं.

पंधरा जणांचा खेळ सध्या काढूच नका. स्क्रमच्या (दोन्ही संघ वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात तो डाव) पुढच्या फळीला खास तयार केलेली माणसं लागतात, नाहीतर मान दुखावते. सेव्हन्स हा रग्बीचा छोटा प्रकार घ्या: सात खेळाडू, पाच बदली, सात-सात मिनिटांचे दोन डाव. बारा जण एका क्रूझरमध्ये मावतात (प्रशिक्षकाला मात्र दाटीवाटी सोसावी लागेल).

घरचा-बाहेरचा सामना ही पद्धत टाळा. चौदा मिनिटांच्या खेळासाठी नंदुरबारहून भुसावळला कोणी दोनदा येत नाही. त्याऐवजी एका दिवशी एकाच मैदानावर सगळे सहा संघ बोलवा. जळगाव, भुसावळ, अमळनेर एका गटात; धुळे, शिरपूर, नंदुरबार दुसऱ्यात. दोन्ही गटांचे मिळून सहा सामने आलटून-पालटून लावले की कोणालाही लागोपाठ उतरावं लागत नाही. मग पहिला-पहिल्याशी, दुसरा-दुसऱ्याशी, तिसरा-तिसऱ्याशी. एकूण नऊ सामने, प्रत्येकी 25 मिनिटं धरली तर पावणेचार तास. सकाळी सातला शिट्टी वाजली की पावणेअकराला मैदान मोकळं. एका खेपेत प्रत्येक संघाला तीन सामने मिळतात. मधल्या वेळेत पाणी आणि रावेर-यावलची केळी, बाकी काही नको.

एखादा संघ ऐनवेळी गळाला तर? 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचे संघ सुपर कपमधून वगळले गेले. पाच संघांचं वेळापत्रक आधीच काढून ठेवा: सगळे सगळ्यांशी, दहा सामने, सव्वाचार तासांच्या आत.

दिवाळीनंतर सुरू करून बारावीच्या परीक्षेआधी संपवा. तरी कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याचे संघ अपुरे येतात. त्या महिन्यात एकच तारीख ठेवा. मार्चनंतर ऊन पोरांना खेळू देत नाही.

मैदानाचा खरा त्रास काळ्या मातीचा. पाऊस थांबला की ती फाटते आणि भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो. पंधरा दिवस आधी भेगांत चाळलेली माती भरा, पाणी मारा, वाफसा आला की रोलर फिरवा. मुरूम टाकू नका, गुडघे सोलतात. रेषा फक्कीनं मारा. कळीचा चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. गोलच्या दोन्ही खांबांत 5.6 मीटर अंतर, आडवी दांडी 3 मीटर उंचीवर, आणि खांबांना खालून पावणेदोन ते दोन मीटरपर्यंत फोम गुंडाळून वर ताडपत्री. चेंडू 5 नंबरचा.

कबड्डीपटूंना एक सवय मोडायला लावा. पकड घ्यायला ते डोकं समोरच्याच्या पुढून घालतात आणि तिथेच गुडघा डोक्यावर बसतो. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडताना, डोकं धावणाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हातांची मिठी. खांद्याच्या वर टॅकल केला की समोरच्या संघाला पेनल्टी. डोक्याला मार लागलेला खेळाडू ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा उतरवायचा नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सरावालाही नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे सुरक्षितता आणि प्रथमोपचाराचे ऑनलाइन धडे फुकट आहेत. प्रत्येक संघातल्या दोघांनी ते पूर्ण केल्याशिवाय प्रवेश देऊ नका.

कागदपत्रांत कुचराई नको. पासपोर्टच्या खोट्या प्रतीवर खेळवलेल्या एका खेळाडूपायी 2022 मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्पेनचे 10 गुण कापले गेले, आणि 2023 च्या विश्वचषकाची जागा रोमानियाला मिळाली. आधारची मूळ प्रत बघून यादी पहिल्या तारखेआधी गोठवा. नंतर संघ बदलायची मुभा ठेवू नका, नाहीतर शेवटच्या तारखेला धुळ्याची अर्धी पोरं जळगावकडून उतरतील.

जिल्ह्याचा निवडक संघ काढायची घाई असते. जॉर्जियाच्या ब्लॅक लायनसारख्या एकत्रित संघाचा फायदा आहेच, पण ज्या शनिवार-रविवारी तो खेळतो त्या दिवशी क्लबांचे चांगले गडी जातात. म्हणून निवड संघाचं शिबिर स्पर्धेच्या तारखा संपल्यावरच लावा आणि ते वेळापत्रकात पहिल्या दिवशीच छापा.