मधुमेह असताना परदेश प्रवासात खाण्याचं कसं सांभाळायचं

साताऱ्याहून लंडनला लेकीकडे मी आजवर सहा वेळा जाऊन आले. इन्सुलिन त्याच्याही आधीपासून सुरू आहे. दर वेळी निघायच्या आठवड्यात घरी माणसं येतात आणि सल्ले देतात. "विमानात मिळतं सगळं, डबा कशाला?" "डायबेटिक जेवण सांगून ठेवा, काळजीच नाही." "साखर उतरलीच तर कंदी पेढा तोंडात टाका." या तिन्ही सल्ल्यांनी मला त्रास झालाय, म्हणून नीट लिहायला बसले.

डॉक्टरांचं पत्र, औषधांची मूळ नावं असलेली चिठ्ठी, जुना आजार धरणारा विमा, लागतील त्याच्या दुप्पट सुया आणि पट्ट्या हे तुम्ही केलंच असेल. इन्सुलिन सगळंच्या सगळं हातातल्या बॅगेत. खाली जाणाऱ्या सामानात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यावं लागतं.

डबा

मी मेथीच्या दशम्या करते. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक, पाण्याऐवजी दुधात भिजवलेली. दीड-दोन दिवस मऊ राहते. चार दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मूठभर फुटाणे. झालं.

भडंग आणि चुरमुऱ्याचा चिवडा घेऊ नका. पोटाला हलका म्हणून माणसं प्रेमाने बांधून देतात, पण चुरमुरे साखर झपाट्याने चढवतात आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. भात फुगवला म्हणून त्यातलं पिठूळपण कुठे जात नाही.

डबा उतरायच्या आत संपवायचा. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. जावयासाठी घेतलेले पेढेही त्यात आले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते, नाहीतर जबर दंड. अमिरातीत खसखस चालत नाही, म्हणजे दुबईला अनारसे नेऊ नका.

अवघड टप्पा: घरचं जेवण ते विमानातलं जेवण

इथे मी चुकले होते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आपला प्रवास साताऱ्यातून सुरू होतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. पहाटे दोनचं विमान असेल तर दुपारी चारला घर सोडायचं. खंबाटकी, पुणे, द्रुतगती मार्ग, मग विमानतळावर तीन तास. विमान उडून पहिला ट्रे समोर यायला साडेतीन वाजतात. घरातून निघाल्यापासून साडेअकरा तास होतात, आणि त्यात रात्रीच्या जेवणाची वेळ येऊन जाते.

पहिल्या वेळी मी ठरवलं होतं की रात्रीचं जेवण आणि त्याचं इन्सुलिन, दोन्ही विमानात. वाटेत सातला अर्धी दशमी आणि चहा, एवढंच. माझं तेव्हा जुन्या पद्धतीचं मिश्र इन्सुलिन होतं, जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. विमान सुटायलाच उशीर झाला. मग जेवणाच्या गाड्या निघाल्या, वास आला, पुढच्या रांगांत ट्रे दिसले. घरच्या सवयीने मी सुई घेतली. दहा मिनिटांत विमान हादरायला लागलं, पट्टे बांधायची सूचना झाली, गाड्या परत आत गेल्या. तासभर कोणाला काही मिळालं नाही.

आधी मानेला घाम आला. मग हात थरथरायला लागले. समोरच्या पडद्यावरचा विमानाचा नकाशा दिसत होता, पण त्यावरचे आकडे वाचता येईनात. बोट टोचलं, ५८. ग्लुकोजचा डबा वरच्या कप्प्यातल्या बॅगेत, आणि उठायला परवानगी नाही. हे दोन रांगा मागे झोपलेले. पर्समध्ये कंदी पेढ्यांचा पुडा होता, त्यातले दोन खाल्ले. वीस मिनिटांनी पुन्हा टोचलं, ६१. शेवटी वरचं बटण दाबलं. हवाई सुंदरीने सीटचे कठडे धरत धरत येऊन संत्र्याचा रस दिला, तेव्हा पंधरा मिनिटांत ८४ झाली. पेढ्यांचा हिशेब पुढे निघाला. लंडनला उतरताना साखर २९१ होती.

त्यानंतर मी जे पाळते ते असं.

रात्रीचं जेवण घरच्या वेळेला, घरच्या डब्यातून, वाटेतच करायचं. आठला गाडी थांबवायची, दशम्या खायच्या, नेहमीचं इन्सुलिन घ्यायचं. पहाटे साडेतीनला येणारा ट्रे हे आपलं जेवण धरायचंच नाही. माझी रात्र तोवर झालेली असते. मी त्यातली डाळ आणि कोशिंबीर तेवढी खाते किंवा नको म्हणून सांगते. लंडनला उतरण्याआधी मिळणारी न्याहारी मात्र माझी न्याहारी.

विमानात इन्सुलिन घ्यायचंच असेल तर ट्रे समोर आल्याशिवाय, झाकण उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय सुई काढू नका. वास आला, गाडी दिसली, शेजाऱ्याला मिळालं, यातलं काहीच धरायचं नाही. ज्यांना अर्धा तास आधी घ्यायचं इन्सुलिन आहे त्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून प्रवासापुरती काय सोय करायची ते ठरवावं. किती युनिट, किती तासांनी, जेवण हुकलं तर काय, हे कागदावर लिहून घ्या. मी आकडे सांगणार नाही, ते ज्याचे त्याचे वेगळे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनाही हाच नियम, त्याही खाणं हुकलं की साखर पाडतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी.

घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. मधेच लंडनची वेळ लावली की शेवटचं खाणं आणि शेवटची सुई यांना किती तास झाले याचा हिशेब चुकतो.

डायबेटिक जेवण मी सांगत नाही. विमान कंपन्या त्याला डीबीएमएल म्हणतात. त्यात मांसाहार असू शकतो. कधी कधी पोळी-भाताचा भाग इतका कमी असतो की नेहमीचं इन्सुलिन घेतल्यावर साखर खाली जाते. मी आशियाई शाकाहारी, म्हणजे एव्हीएमएल, आगाऊ सांगते आणि पुढ्यातला भात अर्धा ठेवते, गोड बाजूला ठेवते. ताटात काय ठेवायचं आणि काय नाही हे आपल्याला आपल्या घरात कळतं, तसंच तिथेही कळतं.

विमानात चढताच कर्मचाऱ्यांना सांगा: मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेते. लाजू नका. माझी पहिल्या वेळची अर्धी अडचण न सांगितल्यामुळे झाली.

पेनला सुई लावून ठेवू नका. हवेचा दाब बदलला की आत बुडबुडे धरतात. घेताना नवी सुई, दोन युनिट हवेत सोडून मगच.

साखर उतरली तर

कंदी पेढा मला प्रिय आहे, पण साखर पडल्यावर तो औषध नाही. खव्यातली चरबी पोटात साखरेची वाट अडवते. चॉकलेटचंही तसंच. आत्ता हवी असलेली साखर तासाभराने मिळते, आणि तोपर्यंत घाबरून आणखी दोन पेढे पोटात जातात.

साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम झटकन चढणारं घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. ग्लुकोजच्या पुडीचे चांगले भरलेले तीन चमचे, किंवा चहाच्या साखरेच्या पाच ग्रॅमच्या तीन पुड्या, किंवा दीडशे मिलिलिटर फळांचा रस. डाएट लिहिलेलं पेय कामाचं नाही. साखर वर आली की मग अर्धी दशमी, म्हणजे पुन्हा घसरत नाही.

एक गोष्ट आपल्याकडे फार जणांना कोणी सांगत नाही. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर, गूळ, गोळ्या-चॉकलेट लवकर काम करत नाहीत, कारण ही औषधं साखर फोडण्याचं कामच मंदावतात. अशांना ग्लुकोजच लागतं. तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत व्होग्लिबोज बऱ्याचदा असतं. आजच पाकीट उलटं करून वाचा.

ग्लुकोज कंपनीच्या छोट्या बंद पुडक्यातच ठेवा. घरी कागदात बांधलेली पांढरी पूड तपासणीला अडकते. अमेरिकेला जाणाऱ्यांच्या हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा मोठा पुडीचा डबा नको. पुडकं वरच्या कप्प्यात न ठेवता खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, आणि सीटवर बसल्या बसल्या पाण्याची बाटली मागून घ्या. मोजण्याआधी बोट ओल्या कागदाने पुसा. पेढ्याची किंवा ग्लुकोजची कणी बोटावर राहिली तर यंत्र खोटा, चढा आकडा दाखवतं.

तिकडे पोहोचल्यावर

ब्रिटनमध्ये साखर आपल्यासारखी मोजत नाहीत. त्यांचा आकडा १८ ने गुणला की आपला येतो. तिकडची ४ म्हणजे आपली ७२, म्हणून तिथे ४ च्या खाली गेली की उतरली धरतात. लेकीच्या शेजारणीचं यंत्र ६ दाखवतंय म्हणून घाबरायचं कारण नाही.

पाकिटावर फक्त साखरेची ओळ वाचू नका, कार्बोहायड्रेटची पूर्ण ओळ वाचा. शुगर फ्री बिस्किटात मैदा असतोच. आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका तुकड्याचा, तेही पाहा.

जुन्या माणसांकडून ल्युकोझेड या तिकडच्या ग्लुकोजच्या पेयाचं नाव ऐकाल. २०१७ मध्ये त्यातली साखर जवळजवळ निम्मी केली, त्यामुळे जुन्या मापाने घेतलं तर पुरत नाही. औषधाच्या दुकानात ग्लुकोजच्या गोळ्या मिळतात, त्या घ्या.

फिरायला गेल्यावर साखर खाली जाते, वर नाही. घरी पोवई नाक्यापर्यंत जाऊन येणारी मी तिथे दिवसाला पंधरा हजार पावलं चालते. संग्रहालयात शिरण्याआधी मोजते आणि फुटाणे खिशात ठेवते.

परतताना

येताना रात्र आखूड होते. लंडनला रात्री आठला जेवणाचं इन्सुलिन घेतलं तर हिवाळ्यात भारतात तेव्हा दीड वाजलेला असतो. विमानातली न्याहारी भारताच्या सकाळी आठला आली तर मधे साडेसहाच तास झालेले असतात, आणि मिश्र इन्सुलिनचा आधीचा डोस अजून अंगात काम करत असतो. त्यावर दुसरा घ्यायचा की नाही, किती घ्यायचा, हे डॉक्टरांच्या त्याच कागदावर आधी लिहून घेतलेलं असावं. जाण्याचा एक कागद, येण्याचा दुसरा.

मुंबईला उतरल्यावर पुन्हा पाच-सहा तास गाडीत. पुतण्या घ्यायला येतो. त्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगते, घरून निघताना काकूकडून ज्वारीची भाकरी आणि पिठल्याचा डबा घे, ग्लुकोजचं पुडकं पुढच्या कप्प्यात ठेव, आणि द्रुतगती मार्गाला लागायच्या आधी गाडी थांबव.